पोच घेतली का?

नोकरदार माणसाच्या पगाराच्या चिठ्ठीत दोनशे रुपयांची एक वजावट असते. फेब्रुवारीत ती तीनशे होते आणि वर्षाची बेरीज अडीच हजारांवर थांबते. तिचे नाव व्यवसाय कर. प्राप्तिकराच्या नावाने बोटे मोडणारी आम्ही मंडळी या दोनशे रुपयांकडे ढुंकूनही पाहत नाही. पण वाचकहो, १९७५ साली हा कर बसला तो एका मोठ्या वचनापायी बसला. शहरातल्या पगारदाराने दरमहा थोडे द्यायचे, तितकीच भर सरकारने घालायची, आणि त्यातून खेड्यातल्या रिकाम्या हातांना काम द्यायचे, असे ते वचन होते.

या वचनाचे जनक वि. स. पागे. विधान परिषदेचे सभापती असलेल्या या गृहस्थांनी १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूर गावी 'मागेल त्याला काम' हा प्रयोग सुरू करविला. पुढे १९७२ चा दुष्काळ आला आणि खडी फोडणाऱ्या लाखो हातांनी त्या प्रयोगाची योजना करून टाकली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्या कायद्यात एक लहानसे कलम होते. मागितल्यावर पंधरा दिवसांत काम मिळाले नाही, तर सरकारने बेकारी भत्ता द्यावा. भत्ता किती? आरंभी दिवसाला निदान एक रुपया! रक्कम हसण्यासारखी खरी, पण तिच्यामागची कल्पना हसण्यासारखी नव्हती. काम मिळाले नाही हा मजुराचा दोष नसून सरकारचा आहे, असे सरकारच लिहून देत होते. २००५ साली सबंध देशासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, तेव्हा हे कलम त्यातही गेले, आणि भत्ता मजुरीच्या हिशेबात बसविण्यात आला. पहिले तीस दिवस निदान पाव मजुरी, त्यापुढे निदान निम्मी.

आता मी पडलो मराठीचा प्राध्यापक. या भत्त्याशी माझा संबंध कसा आला, ते सांगतो.

भोर हे पावसाचे गाव. आषाढात नीरा फुगते, भाटघरचे धरण भरते, आणि पुण्याचे पाहुणे वरंध घाटातले धबधबे पाहून "काय हो तुमचे भाग्य!" म्हणतात. वेल्ह्याकडे, म्हणजे ज्याला आता राजगड तालुका म्हणायचे त्या बाजूला, पाऊस याहून दांडगा. पण हाच मुलूख माघानंतर पाहावा. भाताची एकच पिके घेणारी ती डोंगरउताराची खाचरे उघडी पडतात, आणि माघापासून ज्येष्ठापर्यंत हाताला काम नसते. मग बाप्ये मुंबईपुण्याची वाट धरतात आणि घरी बायका, म्हातारी आणि गुरे राहतात. पाऊस उदंड आणि काम दुर्मिळ, असा हा डोंगरी संसार आहे. रोजगार हमी हवी ती त्या चार महिन्यांत.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. तो भोरचाही नव्हे आणि वेल्ह्याचाही नव्हे. अशाच एका डोंगरी तालुक्यातून इथे शिकायला आलेला. त्या तालुक्याचे आणि तिथल्या कचेरीचे नाव मी सांगणार नाही. पुढची हकिकत कुठल्याही तालुक्यात घडू शकली असती.

व्यावहारिक मराठीच्या तासाला मी अर्जलेखन शिकवतो. मुलांना हा तास मुळीच आवडत नाही. 'विषय', 'संदर्भ', 'महोदय' हे काही प्रेमपत्राचे साहित्य नव्हे! दरवर्षी मी शेवटी एकच वाक्य तीनदा सांगतो : "अर्ज दिला की पोच घ्यायची." मुले माझ्या माघारी माझी नक्कल करतात ती याच वाक्यावरून, हे मला ठाऊक आहे.

२०२४ च्या पाडव्याच्या आदल्या दिवशी, ८ एप्रिलला, या मुलाच्या आईने गावच्या रोजगार सेवकाकडे काम मागितले. मागणीचा छापील नमुना असतो, चार नंबरचा. आणि मागणाऱ्याच्या हाती तारखेची पोच द्यायची असते. तिच्याकडून कोऱ्या नमुन्यावर अंगठा घेतला गेला. तारीख नाही, पोच नाही. "काम निघालं की कळवतो," एवढेच उत्तर. सुटीला घरी गेलेल्या मुलाने हे ऐकले आणि त्याला वर्गातले वाक्य आठवले. आईच्या नावाने नवा अर्ज लिहून त्याने १० तारखेला तो तालुक्याच्या कचेरीला रजिस्टर पोस्टाने धाडला. सोबत पोचकार्ड जोडले. ते सही होऊन परत आले. तारीख १२ एप्रिल.

एप्रिल गेला, मे गेला. विचारायला गेले की "आचारसंहिता आहे" हे उत्तर ठरलेले. लोकसभेची निवडणूक चालू होती हे खरे. पण निवडणूक आहे म्हणून चूल बंद ठेवता येत नाही. नवरा मुंबईला होता. "काम आज निघेल, उद्या निघेल" या आशेवर बाई दुसरीकडेही गेली नाही. शेवटी ३ जूनला बांधबंदिस्तीचे काम निघाले. आणि मग पावसाने ते फार दिवस चालू दिले नाही.

जुलैत मुलगा प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन माझ्याकडे आला. "सर, भत्ता मागायचा म्हणतोय."

तोंडी चौकशीला कचेरीत उत्तर मिळाले होते की संगणकात मागणीची तारीख १ जून आहे. एक तारखेला मागितले, तीन तारखेला दिले, भत्ता कसला? यातली मेख वाचकांच्या ध्यानात आली असेल. काम निघेपर्यंत मागणी लिहायचीच नाही! मग उशीर होतच नाही, आणि कागदावर सर्वत्र आबादीआबाद. हा एका कचेरीचा विशेष नाही. या कायद्याचे अभ्यासक वर्षानुवर्षे हेच सांगत आले आहेत. त्याला कारणही आहे. २००५ च्या कायद्यात अकुशल मजुरी दिल्लीच्या तिजोरीतून जायची, पण बेकारी भत्ता राज्याच्या. जो देणारा तोच हिशेब लिहिणारा असला, की लेखणी कुणीकडे झुकणार?

आम्ही बसलो आणि अर्ज लिहिला. एक पानाचा, त्यात रडगाणे नाही. अर्ज पोचल्याची तारीख १२ एप्रिल. पंधरा दिवस संपले २७ ला. २८ एप्रिलपासून २ जूनपर्यंत दिवस छत्तीस. त्या वर्षी महाराष्ट्राचा मजुरीचा दर २९७ रुपये. पहिल्या तीस दिवसांचे पाव दराने २२२७ रुपये ५० पैसे, पुढच्या सहा दिवसांचे निम्म्या दराने ८९१. एकूण ३११८ रुपये ५० पैसे. जोडीला पोचकार्डाची नक्कल. अर्ज तहसीलदारांच्या नावे, कारण महाराष्ट्रात या योजनेचे कार्यक्रम अधिकारी तेच. तक्रारीचा निकाल सात दिवसांत लावावा, असे कायदा सांगत होता.

सात दिवसांचे तीन आठवडे झाले. मग माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा अर्ज, आणि मागणी एकच : १२ एप्रिलच्या आवक नोंदवहीच्या पानाची प्रत. "भत्ता का दिला नाही?" असे विचारू नये, असे मी मुलाला सांगितले. 'का' विचारले की निबंध मिळतो; नोंदवहीचे पान मागितले की पान मिळते. तिसाव्या दिवशी, अगदी शेवटच्या दिवशी बरे का, पान मिळाले. त्यावर तो अर्ज सुबक अक्षरात नोंदलेला! ज्या कारकुनाने ती नोंद केली, त्या अज्ञात सज्जनाला मी मनोमन नमस्कार केला. कचेरीत सगळेच वाईट असतात असे मानणाऱ्यांनी ते अक्षर पाहावे.

यानंतर प्रकरण जिल्ह्याच्या तक्रार निवारण प्राधिकाऱ्यांकडे गेले. सुनावणीला बाई एकटी उभी राहिली, मुलाची परीक्षा होती. तिला काय बोलायचे ते आम्ही शिकविले होते. ती त्यातले काही बोलली नाही. तिने नुसती दोन कागदे पुढे ठेवली आणि म्हणाली, "साहेब, ही तारीख वाचा आणि ही तारीख वाचा." निकाल तिच्या बाजूने लागला. पैसे दिवाळीपूर्वी येतील असे वाटले, पण विधानसभेची आचारसंहिता आडवी आली. आले ते माघात.

या सगळ्यात किती गेले? टपाल, झेरॉक्स, एसटीची भाडी आणि बाईचे बुडालेले पाच रोज. आमच्या सौ.ने हिशेब मांडून दाखविला, आणि म्हणाली, "अहो, यात उरलं काय?" प्रश्न चुकीचा नव्हता. ज्यांच्या घरी अर्ज लिहिणारे पोरगे नाही, ते हा हिशेब आधीच करतात आणि घरी बसतात.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने जुन्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. दिवस शंभराचे सव्वाशे केले, मजुरीच्या खर्चातही राज्याचा वाटा घातला. बेकारी भत्त्याचे कलम त्यातही आहे. राज्याच्या तिजोरीवरचा भार वाढल्यावर मागणीच्या तारखा अधिक खऱ्या लिहिल्या जातील, असे मानण्याइतका मी भाबडा नाही.

पैसे जमा झाल्यावर त्या माउली मुलाला घेऊन आमच्याकडे आल्या. पायलीभर आंबेमोहोर आणला होता. घरभर वास सुटला. मी म्हटले, "मावशी, हे कशाला?" त्यांनी ते ऐकलेच नाही. चहा झाला. उठता उठता पदराच्या गाठीतून निकालाचा घडी केलेला कागद काढला.

"सर, पोरानं टपाल टाकलं ते मागून. मी अंगठा दिला तो पाडव्याच्या आदल्या दिशी. मग त्या मधल्या चार दिसांचं काय?"

मी बोटांवर मोजले. निम्म्या दराने पाचशे चौऱ्याण्णव रुपये होत होते. मुलगा माझ्याकडे पाहत होता. मी टेबलावरचा कागद पुढे ओढला आणि 'विषय' लिहिला.