सपाट वाट कुणाची?

कॅडेट मित्रांनो, सायकल मोहिमेचा मार्ग आखताना आपण बहुधा दोनच गोष्टी बघतो. अंतर किती आणि वाटेत पाहण्यासारखे काय आहे? चढ किती, हा प्रश्न मात्र पहिल्या टेकडीवर दम लागल्यावरच आठवतो. काही वाटा अशा आहेत की तिथे चढाचा हिशोब फार पूर्वीच कुणीतरी करून ठेवलेला आहे. नदीचा काठ, कालव्याचा भराव आणि बंद पडलेल्या रेल्वेचा मार्ग या त्या वाटा. अशा मुरमाच्या, खडीच्या कच्च्या वाटांवर सायकल चालवण्याला जगभर ग्रॅव्हल सायकलिंग म्हणतात.

या वाटा सपाट का असतात? कालव्यातले पाणी स्वतःच्या वजनाने पुढे जाते, म्हणून कालव्याला उतार द्यावाच लागतो. पण तो जास्त झाला तर पाणी काठ खाते आणि कमी झाला तर गाळ साचतो. शिवाय उंची लवकर संपली तर लांबच्या शेतापर्यंत पाणी पोहोचत नाही. म्हणून मोठ्या कालव्याचा उतार किलोमीटरला काही सेंटिमीटर एवढाच ठेवतात. रेल्वेचे कारण वेगळे आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर सहज घसरते, त्यामुळे आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही. कालका ते सिमला हा ९६ किलोमीटरचा रेल्वेमार्ग १९०३ मध्ये सुरू झाला. तो हिमालयात चढतो, तरी त्याचा सर्वांत तीव्र चढ सुमारे ३३ मीटरला १ मीटर एवढाच आहे. डोंगरातली ही गत, तर मैदानातल्या मार्गाची कल्पना करा.

आपण नकाशावाचन शिकतो ते इथे कामी येते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. दोन समोच्च रेषांत साधारण २० मीटरचा फरक असतो. तुमची वाट किती रेषा ओलांडते ते मोजा. २० किलोमीटरमध्ये एकच रेषा ओलांडली, तर एवढ्या अंतरात ४० मीटरपेक्षा कमीच चढायचे आहे. वाट रेषेला जवळपास समांतर जात असेल तर काही वेळा तिच्या शेजारी कालवा किंवा रेल्वे सापडते.

सुट्टीत मी चंदीगडला, सेक्टर ३४ मध्ये घरी असतो. तिथले उदाहरण देतो. ल कॉर्ब्युझिएने या शहराच्या रस्त्यांचे वर्ग पाडले, त्यांत सायकलींसाठीही वेगळा वर्ग आहे. शहरातून ‘एन-चो’ नावाचा ओढा वाहतो. (पावसाळी ओढ्याला पंजाबात ‘चो’ म्हणतात.) त्याच्या काठाने सुमारे ८ किलोमीटरची बागांची पट्टी आहे, तिला लेझर व्हॅली म्हणतात. सेक्टर ३४ मधून वायव्येला निघालो की ३५ ओलांडून ३६ मध्ये हा ओढा भेटतो. शहराचा उतार ईशान्येकडून नैऋत्येकडे आहे. म्हणून जाताना ओढ्याच्या उलट दिशेने वर जावे आणि दमल्यावर उतारावरून परत यावे. बागांच्या आत मात्र सायकल हातात धरून चालावे, कारण त्या वाटा सकाळी फिरायला येणाऱ्या आजी-आजोबांच्या आहेत.

मोठ्या मोहिमेसाठी रोपड आहे. तिथे सतलज नदीवरून सरहिंद कालवा निघतो. तो १८८२ मध्ये सुरू झाला आणि चमकौर साहिब, नीलोंमार्गे दोराह्याकडे जातो. त्याच्या काठाचा रस्ता कुठे डांबरी, कुठे कच्चा आहे.

आपल्या महाराष्ट्रातले कालवेही शिकण्यासारखे आहेत. बारामती, इंदापूरकडे जाणारा नीरा डावा कालवा घ्या. उजवा-डावा ठरवताना नदीच्या प्रवाहाच्या दिशेने तोंड करून उभे राहायचे. कालव्याच्या खालच्या अंगाला हिरवा ऊस आणि वरच्या अंगाला माळरान दिसते, कारण पाणी वर चढत नाही. भूगोलाच्या पुस्तकातला धडा सायकलवरून असा डोळ्यांना दिसतो.

आता महत्त्वाची गोष्ट. कालव्याचा काठ हा रस्ता नसून पाणी अडवणारी भिंत आहे. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पुण्यात मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली आणि दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत पाणी शिरून अनेकांचे संसार वाहून गेले. ओल्या भरावावर चाकांच्या चाकोऱ्या पडल्या की तिथे पाणी साचते आणि मुरत जाते. म्हणून पावसानंतर भराव वाळेपर्यंत त्यावर सायकल नेऊ नये. सिमेंटचे अस्तर असलेल्या कालव्यात हातपाय धुवायलाही उतरू नये. अस्तर तिरके आणि शेवाळलेले असते. चांगल्या पोहणाऱ्यालाही तिथून वर येता येत नाही. या काठांवर एकामागे एक आणि पाण्यापासून लांबच्या बाजूने चालवावे.

रेल्वेचा प्रश्न आणखी अवघड आहे. चालू रुळांवर विनापरवानगी जाणे हा रेल्वे कायदा, १९८९ नुसार गुन्हा आहे. बंद मार्गाचे काय? विदर्भातली ‘शकुंतला’ तुम्ही ऐकली असेल. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर असा सुमारे १९० किलोमीटरचा हा नॅरोगेज मार्ग, दोन रुळांत फक्त ७६२ मिलिमीटर अंतर. ब्रिटिश काळात खासगी कंपनीने तो कापसासाठी बांधला. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन ओढत होते. आता गाडी बंद आहे. सायकलवाल्याला वाटेल, केवढी सुंदर वाट! पण कारंजा, दारव्ह्याच्या लोकांना सायकलची वाट नको, गाडी हवी आहे. शकुंतला ही तिथल्या गरीब माणसाची स्वस्त गाडी होती आणि तिचे ब्रॉडगेज व्हावे ही मागणी जुनी आहे.

दोन्ही गोष्टी साधता येतात का? अमेरिकेत १९८३ पासून कायद्यात तशी सोय आहे. बंद मार्गाची जमीन तुकडे करून विकायची नाही. त्यावर चालण्या-सायकलीची वाट करायची आणि रेल्वे परत आणण्याचा हक्क राखून ठेवायचा. स्पेनमध्येही १९९३ पासून जुन्या रेल्वेमार्गांच्या हजारो किलोमीटर हिरव्या वाटा केल्या आहेत. मला यातला पहिला भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भराव, मोऱ्या आणि पूल एकदा मोडले, जमीन वाटली गेली, की तशी सलग सपाट रेघ पुन्हा मिळत नाही. मग सायकलही जात नाही आणि गाडीही येत नाही. म्हणून वाट राखावी, पण गाडीची मागणी करणाऱ्यांच्या हक्कावर चाक फिरवू नये.

मोहिमेपूर्वी तीन प्रश्न विचारा. ही जागा कुणाच्या ताब्यात आहे? ती आज कोणते काम करते आहे? आपल्या जाण्याने त्या कामात अडथळा येईल का? कालवा असेल तर पाटबंधारे कार्यालयाला आणि बंद रेल्वेमार्ग असेल तर रेल्वेला शाळेमार्फत पत्र द्यावे. महागडी सायकल लागत नाही. ३५ ते ४५ मिलिमीटर रुंदीचे टायर आणि थोडी कमी हवा असली की मुरमात चाक रुतत नाही. पंक्चरचे सामान मात्र प्रत्येकाकडे हवे. कालव्याकाठी बाभळी असतात आणि बाभळीचा काटा कुणाचीच रँक बघत नाही.