न्याहारीची हजेरी

दहिवडीजवळच्या माळावर अजून नीट उजाडलेलं नाही. माणदेशातली थंडी अंगात शिरतेय. फक्कीनं आखलेला दोनशे मीटरचा फेरा तेवढा पांढरा दिसतोय. पोलीस भरतीच्या तयारीला आलेल्या वीसेक मुली कानाला ओढण्या गुंडाळून रांगेत उभ्या आहेत. मॅडमच्या एका हातात स्टॉपवॉच, दुसऱ्या हातात वही. हजेरी सुरू होते. पण नाव पुकारल्यावर कुणी 'हजर' म्हणत नाही.

"गूळ-शेंगदाणे, मॅडम."

"दोन केळी."

"शिळी भाकरी आन् दूध."

"चहा-टोस्ट."

"टोस्टवर किती फेऱ्या पडतात गं?" रांगेत खसखस पिकते. वहीत फुली पडते.

भरतीच्या ग्राऊंडला मुलींना आठशे मीटर 2 मिनिटं 50 सेकंदांत मारलं की 20 पैकी 20. उरलेले 30 गुण शंभर मीटरचे आणि 4 किलोच्या गोळ्याचे. ग्राऊंड पडलं तर लेखी विसरायची. त्यामुळे इथं जिच्या-तिच्या तोंडी सेकंदच. शिवाय ललिता बाबर याच तालुक्यातल्या मोहीची. 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये ती स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. आपल्या मातीतली पोरगी कुठवर जाते, हे इथं कुणाला सांगावं लागत नाही.

शिट्टी वाजते. पहिल्या दोन फेऱ्या घोळका एकत्र आहे. तिसऱ्या फेरीत एक उंच, सडपातळ मुलगी मागं पडते, कमरेला हात लावते आणि मटकन खाली बसते. मॅडम धावत जातात. पाणी पाजतात, तिच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढून बघतात. आतला भाग फिका, जवळजवळ पांढरा.

"आज काय खाल्लंस?"

"गुरुवार हाय, मॅडम."

"देवानं दाणे-खजूर खाऊ नको म्हणून सांगितलंय का?"

मुलगी हसते, पण उठत नाही. तपासणीच्या कागदावर तिचं हिमोग्लोबिन नऊ आहे. या वयात बारा तरी हवं. यात ती एकटी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत राज्यातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय निघाला. रक्त कमी म्हणजे स्नायूंना प्राणवायू कमी. मग पाय कितीही घासले तरी तिसऱ्या फेरीत दम तुटणारच.

"डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चालू आहेत ना?"

"हायत. चहाबरुबर घेती."

मॅडम कपाळावर हात मारतात. चहानं गोळीतलं लोह अंगी लागत नाही. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, आणि जेवणाच्या आगेमागे तासभर चहाला शिवायचं नाही. तिला आज पळणं बंद. आठवड्याभरात पुन्हा दवाखाना.

ऊन वर येतं, तसे डबे उघडतात. मोड आलेली मटकी, उकडलेली अंडी, बाजरीची भाकरी. एकीनं हुलग्याचं माडगं थर्मासात आणलंय. झाकण काढताच लसणाचा वास सुटतो. मॅडम खिशातून लिंबू काढतात, चाकूनं दोन फोडी करतात आणि मटकीवर पिळत पुढं सरकतात. पलीकडं गोळाफेक करणारा एक मुलगा प्रोटीन पावडरचा डबा दाखवायला येतो. किंमत ऐकून त्या एवढंच विचारतात, "एवढ्यात अंडी किती आली असती?" तो मनातल्या मनात हिशेब करत परत जातो.

मघाच्या मुलीला न्यायला तिची आई आलीय. डोक्यावर पदर, हातात दुधाची रिकामी किटली.

"मावशी, दूध सगळं डेअरीला जातं?"

"चहापुरतं ठेवतो की."

"आन् ही जेवते कधी?"

"आमच्यात बायामाणसं मागनंच बसत्यात. उरंल त्यात भागवायचं. कालवण संपलं तर चटणी-भाकरी."

"आजपासून हिला पहिल्या पंगतीला बसवा. पेलाभर दूध हिच्या नावचं. आन् तुम्हीबी मागं राहू नका."

आई लेकीकडं बघते, मग मॅडमकडं. "मला पटतंय ओ. पर मामंजींना कोण सांगणार?"

"मी सांगते. रविवारी येते घरी."

"मग जेवायलाच या," आई म्हणते. "तुमच्यासंगं हिलाबी बसवते. पाव्हण्यापुढं मामंजी काय बोलायचे न्हाईत."