वाळपई परिसरातील रानवाटा आणि डोंगरी सायकल

माउंटन बाइक : रुंद, खाचदार टायरची सायकल, बहुतेकींना पुढे सस्पेन्शन. चाके 26, 27.5 किंवा 29 इंची. उगम 1970च्या दशकातला, कॅलिफोर्नियातला. ऑलिंपिकमध्ये प्रवेश 1996, अटलांटा.

स्कीची वाट, रानवाट : बर्फाच्या देशांत उन्हाळ्यात स्कीच्या उतारांवर सायकली धावतात, वर न्यायला तीच लिफ्ट. वाळपई परिसरात ना बर्फ, ना लिफ्ट. चढ पायांनीच मारायचा.

वाळपई : गोव्यातील सत्तरी तालुक्याचे मुख्य ठिकाण. पूर्वेला सह्याद्री. म्हादई अभयारण्य 1999मध्ये घोषित, क्षेत्र सुमारे 208 चौरस किलोमीटर.

जमीन : लाल माती, जांभा दगड. उन्हाळ्यात सुट्या खड्यांवर चाक सरकते. पावसात जांभ्यावर शेवाळ धरते. अशा कातळावर ब्रेक करकचून दाबला, तर चाक थांबते, सायकल मात्र घसरतच राहते. पानगळीखालची मुळे दिसत नाहीत. जळवा मोज्यांतून आत शिरतात, तेही न कळता. सोयीचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

परवानगी : वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार अभयारण्यात शिरण्यासाठी वन खात्याची परवानगी लागते, सायकलस्वारही त्याला अपवाद नाही.