ॲडव्हान्स घेतला, काम मात्र सुरूच नाही?

‘सोमवारी माणसं पाठवतो’ म्हणत ठेकेदार महिनाभर टोलवतोय? फोनवर वाद घालण्यात दम घालवू नका. स्पीड पोस्टाने नोटीस धाडा: अमुक तारखेपर्यंत काम सुरू करा, नाहीतर पैसे परत. कोटेशन, यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲप चॅट जपून ठेवा. त्याचं ते ‘सोमवारी’सुद्धा पुरावाच!

तरीही ढिम्म? १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, नाहीतर थेट जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो, ठेकेदार कुठलाही असो. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, वकीलही सक्तीचा नाही. मुदत २ वर्षं.

पोलीस? पहिल्यापासूनच फसवायचा इरादा होता हे दिसलं तरच. नुसत्या दिरंगाईला ‘दिवाणी मामला’ म्हणून वाटेला लावतात.