शेताची वाट दाखविणारा फलक

मुंबई–गोवा राष्ट्रीय महामार्गाने दक्षिणेकडे जाणाऱ्या प्रवाशाला रत्नागिरी शहराकडे वळावयाचे असल्यास हातखंबा येथे वळावे लागते. या गावाच्या नावाची व्युत्पत्ती काहीही असो, त्यात 'हात' आणि 'खांब' हे दोन्ही शब्द ऐकू येतात. खांबावर उभे राहून हाताने दिशा दाखवावी, एवढेच तर मार्गदर्शक फलकाचे काम असते. हातखंब्याच्या थोडे अलीकडे निवळी येथे गणपतीपुळे व जयगडकडे जाणारा फाटा लागतो. या दोन्ही ठिकाणी वाटसरूला सहसा कोणाला विचारावे लागत नाही. शहर, बंदर आणि देवस्थान यांच्या दिशा दाखविणारे फलक तेथे असतात.

खरी अडचण त्यापुढे सुरू होते. आंब्याची बाग पाहावी, एक-दोन दिवस शेतकऱ्याच्या घरी राहावे, मुलांना भाताची लावणी दाखवावी, अशा हेतूने निघालेले कुटुंब मुख्य रस्ता सोडते आणि जांभ्या दगडाच्या गडग्यांमधून जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर येते. पुढे दोन फाटे फुटतात. एक वाडीकडे जातो, दुसरा सड्यावर जाऊन संपतो. विचारावयास माणूस नसतो. दरीच्या तळाशी भ्रमणध्वनीचा संपर्क तुटतो. नकाशाने दाखविलेली जवळची वाट कित्येकदा पायऱ्यांची पाखाडी निघते आणि मोटार मागे घेण्यासही जागा उरत नाही. इकडे शेतकरी दुपारपर्यंत जेवण झाकून वाट पाहत असतो. मुंबईहून तीनशे किलोमीटरहून अधिक प्रवास बिनचूक होतो आणि शेवटच्या तीन किलोमीटरांत पाहुणा हरवतो.

हा प्रश्न लहान दिसला, तरी ज्या शेतकऱ्याने कर्ज काढून दोन खोल्या बांधल्या आहेत, त्याच्या दृष्टीने तो लहान नाही. वाट न सापडल्यामुळे परत गेलेला पाहुणा पुन्हा येत नाही आणि चार जणांना येण्यापासून परावृत्तही करतो.

शेत पाहुण्यांसाठी खुले होते तेव्हा

रत्नागिरी जिल्ह्यात शेतजमिनीचे तुकडे लहान आहेत आणि भाताचे पीक मुख्यतः पावसाळ्यावर अवलंबून आहे. १९९० पासून रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीचा कार्यक्रम राज्यात सुरू झाला आणि कोकणातील वरकस जमिनीवर आंबा व काजू यांची लागवड वाढली. तथापि, आंब्याचे उत्पन्न मोहर, तुडतुडा, अवेळी पाऊस आणि बाजारातील चढउतार यांवर अवलंबून असते. वर्षाची सारी भिस्त दोन-अडीच महिन्यांच्या हंगामावर ठेवणे जोखमीचे ठरते. म्हणूनच शेतीला जोड देणारा व्यवसाय म्हणून कृषी पर्यटनाकडे पाहिले जाऊ लागले.

राज्य शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. वैयक्तिक शेतकरी, शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था, कृषी विज्ञान केंद्रे, कृषी महाविद्यालये व कृषी विद्यापीठे यांना या धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून केंद्र चालविता येते. शेतमालाला जागेवरच गिऱ्हाईक मिळावे, गावात रोजगार निर्माण व्हावा आणि शहरातील मुलांना शेतीची ओळख व्हावी, हे त्यामागील हेतू आहेत.

पाहण्याजोगे या जिल्ह्यात पुष्कळ आहे. दापोली येथे १९७२ मध्ये स्थापन झालेले कोकण कृषी विद्यापीठ आज डॉ. बाळासाहेब सावंत यांच्या नावाने ओळखले जाते. रत्नागिरीजवळ भाट्ये येथे नारळ संशोधन केंद्र आहे. किनाऱ्यालगत नारळी-पोफळीची आगरे आहेत, आतल्या भागात काजूच्या बागा आहेत. हापूस आंब्याला २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला असून रत्नागिरीसह कोकणातील पाच जिल्ह्यांचा त्यात समावेश आहे. महामार्गाच्या कडेला मांडलेली पेटी खरोखर कोठली, याची खात्री गिऱ्हाइकाला देता येत नाही. बागेत जाऊन, झेल्याने उतरविलेला आंबा आढीत ठेवताना पाहून घेतलेल्या पेटीबाबत ती शंका राहत नाही. बागायतदाराच्या दारापर्यंत ग्राहक पोहोचणे हे या दृष्टीने दोघांच्याही हिताचे आहे.

रस्त्यावरील फलकांची भाषा

रस्त्यावरील फलक कसे असावेत, हे ज्याच्या त्याच्या आवडीवर सोडलेले नाही. देशातील रस्त्यांच्या विकासाचा विचार करण्यासाठी १९२७ मध्ये मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली होती. तिच्या शिफारशींनंतर १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था स्थापन झाली. या संस्थेने १९७७ मध्ये रस्त्यांवरील चिन्हांची संहिता प्रसिद्ध केली. तीत पुढे वेळोवेळी सुधारणा झाल्या असून २०१२ व २०२२ मधील आवृत्त्या त्यांपैकी होत.

या संहितेनुसार फलकांचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग आदेश देणाऱ्या फलकांचा. ते बहुधा वर्तुळाकार असतात आणि त्यांचे उल्लंघन हा अपराध ठरतो. दुसरा वर्ग सावधगिरीच्या फलकांचा. लाल कडेच्या त्रिकोणात पुढील वळण, घाट, शाळा इत्यादींची सूचना असते. तिसरा वर्ग माहिती देणाऱ्या फलकांचा असून ते आयताकृती असतात. पेट्रोल पंप, रुग्णालय, उपाहारगृह यांची चिन्हे निळ्या फलकांवर असतात, तर राष्ट्रीय व राज्य महामार्गांवरील गावांची नावे व अंतरे हिरव्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत दिलेली असतात. शेताकडे नेणारा फलक या तिसऱ्या वर्गातील होय.

पर्यटनस्थळांसाठी निराळा रंग ठेवण्याची पद्धत अनेक देशांत रूढ आहे. फ्रान्समधील मोटारमार्गांवर १९७० च्या दशकात आणि ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात तपकिरी फलक आले. भारतातही ऐतिहासिक व पर्यटन स्थळांकडे नेणाऱ्या फलकांसाठी हा रंग अनेक ठिकाणी वापरलेला आढळतो. रंग निराळा असला की हा फलक पाहण्याच्या स्थळाचा आहे, हे अक्षरे वाचण्यापूर्वीच कळते. इटलीने १९८५ मध्ये कृषी पर्यटनासाठी स्वतंत्र कायदा केला आणि पुढे अशा केंद्रांची प्रतवारी सूर्यफुलांच्या संख्येने दाखविण्याची पद्धत स्वीकारली. भाषा न जाणणाऱ्यालाही एकच चिन्ह सर्वत्र ओळखता यावे, हा अशा पद्धतीचा लाभ होय.

परवानगी कोणाची घ्यावी

रस्त्यालगतची जमीन मोकळी दिसली, तरी ती कोणाच्या तरी ताब्यातील असते. राष्ट्रीय महामार्गाच्या हद्दीत काहीही उभारण्यापूर्वी त्या महामार्गाची जबाबदारी असलेल्या यंत्रणेची परवानगी आवश्यक असते. २००२ च्या राष्ट्रीय महामार्ग जमीन व वाहतूक नियंत्रण अधिनियमानुसार विनापरवानगी केलेले अतिक्रमण काढून टाकता येते. राज्य महामार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग यांच्या बाबतीत सार्वजनिक बांधकाम विभागाकडे अर्ज करावा लागतो. इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग सामान्यतः जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाच्या अखत्यारीत येतात. गावठाणातील रस्त्यांची व्यवस्था ग्रामपंचायत पाहते.

एकाच शेताकडे जाणारी वाट या सर्व रस्त्यांवरून जात असल्यास प्रत्येक ठिकाणी निराळ्या कार्यालयाशी पत्रव्यवहार करावा लागतो. एकट्या शेतकऱ्याला हे कठीण जाते. गावातील सर्व केंद्रांच्या वतीने ग्रामपंचायतीने ठराव करून, वाटेचा साधा नकाशा जोडून एकत्रित अर्ज केला, तर काम सोपे होते. पर्यटन संचालनालयाकडील नोंदणीची प्रत सोबत असल्यास केंद्र खरोखर चालू आहे, याची खात्री पटण्यास मदत होते.

१९८८ च्या मोटार वाहन अधिनियमातील कलम ११६ येथे लक्षात घेण्यासारखे आहे. वाहतुकीची चिन्हे उभारण्याचा अधिकार या कलमाने राज्य शासनास व त्याने प्राधिकृत केलेल्या यंत्रणेस दिला आहे. वाहतूक चिन्ह झाकून टाकणारी, त्याच्यासारखी दिसून दिशाभूल करणारी किंवा चालकाचे लक्ष विचलित करणारी जाहिरात काढून टाकण्याचीही तरतूद त्यात आहे. म्हणून आंब्याचे चित्र, मालकाचे छायाचित्र आणि जेवणाच्या थाळीचे दर असा मजकूर असलेला फलक वळणावर लावणे शेतकऱ्याच्या फायद्याचे नाही. असा फलक जाहिरात ठरतो. वाट दाखविणे व माल खपविणे ही दोन निराळी कामे आहेत. दुसऱ्यासाठी शेताच्या स्वतःच्या हद्दीतील जागा योग्य होय.

अंतर, अक्षर आणि वळण

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन दर सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे जाते. फलक दिसणे, वाचणे आणि निर्णय घेणे यांस चार सेकंद लागले, तर तेवढ्यात ६८ मीटर अंतर कापले जाते. नंतर वेग कमी करण्यास आणखी रस्ता हवा. म्हणजे ऐन फाट्यावर लावलेला एकच फलक पुरेसा नाही. तो वाचताच चालक अकस्मात थांबतो आणि मागून येणाऱ्या ट्रकला वाव राहत नाही. महामार्गावर वळणाच्या बऱ्याच आधी पूर्वसूचना देणारा फलक, वळणावर बाण आणि वळल्यानंतर 'मार्ग बरोबर आहे' याची खात्री देणारा तिसरा फलक, अशी साखळी असावी. ती मध्येच तुटली तर आधीच्या फलकांचा उपयोग राहत नाही.

मजकूर थोडा असावा. केंद्राचे किंवा वाडीचे नाव, बाण आणि किलोमीटरमधील अंतर एवढे पुरे. जेथे एकाच फाट्यावरून पाच-सहा केंद्रांकडे जावे लागते, तेथे सहा फलकांची गर्दी करण्याऐवजी 'कृषी पर्यटन केंद्रे' असा एक सामाईक फलक लावावा आणि गावात शिरल्यावर पारापाशी किंवा ग्रामपंचायतीपाशी सर्व केंद्रांची यादी व नकाशा द्यावा. यामुळे खर्च वाटला जातो आणि ज्याची ऐपत मोठी त्याचाच फलक मोठा, अशी स्पर्धा टळते. एक एकराच्या बागायतदाराचे नावही त्या यादीत त्याच आकाराच्या अक्षरांत असते.

फलक झाडाला खिळ्यांनी ठोकू नये. झाडाला इजा होते, आणि खोड वाढले की फलक वाकडा होऊन बाण भलतीकडे वळतो. रस्त्याचे रुंदीकरण झाले, नवा पूल किंवा सेवा रस्ता झाला, की जुना बाण चुकीचा ठरू शकतो. मुंबई–गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात असे बदल अनेक ठिकाणी झाले आहेत. चुकीचा फलक नसलेल्या फलकापेक्षा अधिक त्रास देतो, म्हणून तो तत्काळ काढावा.

कोकणचा पाऊस

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि किनाऱ्यावरील हवेत खारटपणा असतो. साध्या पत्र्यावर रंगविलेली अक्षरे येथे फार दिवस टिकत नाहीत. गंज न धरणारा पत्रा, प्रकाश परावर्तित करणारे आवरण आणि पक्क्या पायातील खांब यांचा खर्च सुरुवातीस अधिक वाटतो, परंतु दर दोन वर्षांनी नवा फलक करण्यापेक्षा तो परवडतो. श्रावणात गवत व वेली एवढ्या वाढतात की फलक त्यांत बुडून जातो. रस्त्याकडेची झाडी तोडण्याच्या वेळीच फलक पुसण्याचे काम नेमून दिले, तर त्यासाठी वेगळा खर्च येत नाही.

फलक हे आश्वासन होय

'शेत पाहण्यास खुले' असा फलक लावणारा शेतकरी येणाऱ्याला शब्द देत असतो. आलेल्या पाहुण्याला फाटकाला कुलूप दिसले, तर त्या गावातील सर्वच केंद्रांवरील विश्वास कमी होतो. आंबा उतरविण्याच्या दिवसांत बागायतदाराला सकाळी क्षणाची उसंत नसते आणि भातलावणीत घरातील प्रत्येक हात शेतात असतो. त्यामुळे केंद्र कोणत्या महिन्यांत व कोणत्या वेळी खुले असते, हे शेताच्या फाटकावर स्पष्ट लिहावे. बंद असण्याच्या काळात 'बंद' अशी पट्टी लावण्याची सोय ठेवावी. वाट दुसऱ्याच्या खळ्यातून किंवा देवराईच्या कडेने जात असल्यास त्या लोकांची संमती आधी घ्यावी. पाहुण्यांच्या मोटारी एकाच्या दारी आणि धूळ दुसऱ्याच्या अंगणात, अशी स्थिती झाल्यास गावात कटुता येते आणि फलक रात्रीत नाहीसे होतात.

या कामी शाळांचेही साहाय्य होऊ शकेल. गावाच्या रस्त्यांचा नकाशा काढणे, फाटे मोजणे, प्रत्येक फाट्यावर कोणता फलक आहे व तो वाचता येतो की नाही याची नोंद करणे, हा सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी भूगोलाचा उत्तम पाठ आहे. अशी नोंद दर वर्षी पावसाळा संपल्यावर ग्रामसभेपुढे ठेवता येईल.

फलक योग्य ठिकाणी आहेत की नाहीत, हे तपासण्याची एक सोपी रीत आहे. गावात पूर्वी कधीही न आलेल्या एखाद्या कर्मचाऱ्यास किंवा शिक्षकास महामार्गापासून निघून, कोणालाही न विचारता शेतापर्यंत येण्यास सांगावे. तो जेथे थबकेल, तेथे फलक हवा. गावच्या माणसाला ती जागा दिसत नाही, कारण त्याला वाट ठाऊक असते. अनोळखी माणसाच्या डोळ्यांनी आपला रस्ता एकदा पाहिला, तर कोठे खांब रोवावा हे ग्रामपंचायतीला अचूक कळेल, आणि झाकून ठेवलेले जेवण निवण्यापूर्वी पाहुणा पडवीत येऊन बसेल.