उसाच्या गावातून उसाच्या बेटावर: मॉरिशसची सहल ठरवताना काय पाहाल?

कारखान्याचा पट्टा पडला, मुलांच्या परीक्षा संपल्या आणि घरात विषय निघाला, यंदा परदेशात जायचे का? वडगाव निंबाळकर, सोमेश्वरनगर, नीरा या पट्ट्यात अशी चर्चा बहुतेक वेळा दुबई किंवा थायलंडवर येऊन थांबते. पण निळा समुद्र, हिरवे डोंगर आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस असलेला एक देश मुंबईहून थेट विमानाने साधारण सहा तासांवर आहे. तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि शाळेत मराठी शिकवली जाते. हा देश म्हणजे मॉरिशस.

चार जणांची परदेश सहल म्हणजे उसाच्या बिलातला मोठा वाटा. तारीख, कागद किंवा एजंट यांपैकी एक जरी चुकले तरी त्याचा फटका थेट घरखर्चाला बसतो. म्हणून पैसे भरण्याआधी या गोष्टी समजून घ्या.

कधी जावे?

मॉरिशस दक्षिण गोलार्धात आहे, त्यामुळे तिथले ऋतू आपल्या उलट. नोव्हेंबर ते एप्रिल हा तिथला उकाड्याचा आणि पावसाचा काळ असतो. त्यातही जानेवारी ते मार्च या महिन्यांत चक्रीवादळाचा धोका जास्त. मे ते ऑक्टोबर हा कोरडा आणि थंड काळ. बारामतीत मे महिन्यात अंगाची लाही होत असते, तेव्हा तिथे संध्याकाळी हलका स्वेटर लागू शकतो.

बागायतदार कुटुंबासाठी यातून दोन सोयीचे काळ निघतात.

- मे ते जूनचा पहिला आठवडा: तोड संपलेली, शाळांना सुट्टी आणि तिथे उत्तम हवा. पुढे जुलै-ऑगस्टमध्ये आडसाली लागण असेल, तर घर सोडणे अवघड.
- दिवाळीच्या आसपास: ऑक्टोबरमध्ये तिथे पाऊस कमी. मात्र गळीत हंगाम तोंडावर असतो, त्यामुळे तोडीचा कार्यक्रम बघूनच तारीख धरा.

आणखी एक गंमत. आपले कारखाने बंद असतात तेव्हा तिथले चालू असतात. मॉरिशसचा गळीत हंगाम साधारण जूनमध्ये सुरू होऊन वर्षअखेरीपर्यंत चालतो. जूननंतर गेलात तर उसाने भरलेल्या गाड्या तिथल्या रस्त्यावरही दिसतील.

व्हिसा लागतो का?

भारतीय पर्यटकाला आधी व्हिसा काढावा लागत नाही आणि त्याचे शुल्कही नाही. विमानतळावर उतरल्यावर प्रवेशाची परवानगी मिळते. त्यासाठी वैध पासपोर्ट, परतीचे तिकीट, राहण्याच्या ठिकाणाचे बुकिंग आणि खर्चापुरते पैसे असल्याचा पुरावा जवळ हवा. प्रवासाआधी मॉरिशस सरकारचा ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो, तोही मोफत आहे. फॉर्मसाठी पैसे मागणाऱ्या वेबसाइटपासून लांब राहा.

पासपोर्टचे काय?

कुटुंबातल्या प्रत्येकाला, अगदी तान्ह्या बाळालाही, स्वतःचा पासपोर्ट लागतो. ३६ पानी साध्या पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये आहे, तत्काळसाठी २,००० रुपये जास्तीचे. पासपोर्ट सेवा वेबसाइटवर अर्ज करून वेळ घ्यावी लागते. पोलीस पडताळणी गावच्या पोलीस ठाण्यातून, म्हणजे इथल्या लोकांसाठी वडगाव निंबाळकर ठाण्यातून होते. कामे इथेच रखडतात:

- आधार, शाळेचा दाखला आणि पॅन यांवर नाव किंवा जन्मतारीख वेगवेगळी असते. एकावर 'बाळासाहेब' आणि दुसऱ्यावर पाळण्यातले नाव, असा घोळ असेल तर तो आधी दुरुस्त करा.
- जुन्या पासपोर्टची मुदत तपासा. प्रवासाच्या तारखेपुढे किमान सहा महिने शिल्लक असलेली बरी.
- पासपोर्टवर 'ईसीआर' लिहिलेले असले तरी घाबरू नका. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ते असू शकते. ही अट ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांना लागू आहे. मॉरिशस त्या यादीत नाही आणि तुम्ही नोकरीला नव्हे, फिरायला निघाला आहात.

पैशांचे गणित कसे मांडाल?

ऊस गेल्यावर १४ दिवसांत एफआरपी द्यावी, असा नियम आहे. पण त्यापुढच्या हप्त्याची तारीख आणि रक्कम आधी सांगता येत नाही. म्हणून सहलीचे बुकिंग खात्यात जमा झालेल्या पैशांवरच करा, येणाऱ्या हप्त्याच्या भरवशावर नको.

पॅकेजच्या जाहिरातीतला आकडा अंतिम नसतो. त्यावर जीएसटी आणि टीसीएस लागतो. टीसीएस हा वेगळा खर्च नाही, तो तुमच्या पॅनवर आगाऊ जमा होणारा आयकर आहे. आयकर विवरणपत्र भरले की तो करात वळता होतो किंवा परत मिळतो. त्याचे दर अर्थसंकल्पानुसार बदलत आले आहेत, त्यामुळे बुक करताना चालू दर विचारा आणि पावतीवर पॅन बरोबर आहे ना, ते पाहा. शिवाय १ ऑक्टोबर २०२५ पासून मॉरिशसमध्ये १२ वर्षांवरील पर्यटकाला मुक्कामाच्या दर रात्रीसाठी ३ युरो शुल्क आहे. ते पॅकेजमध्ये धरले आहे का, हेही विचारून घ्या.

तिथल्या चलनाचे नावही रुपयाच, पण किंमत वेगळी. त्यांचा एक रुपया आपल्या पावणेदोन ते दोन रुपयांच्या घरात असतो. दुकानातली पाटी वाचून 'स्वस्त आहे' म्हणण्याआधी दुपटीचा हिशेब करा. १२ फेब्रुवारी २०२४ रोजी मॉरिशसमध्ये यूपीआय सेवा सुरू झाली, मात्र ती प्रत्येक दुकानात चालेलच असे नाही. निघण्यापूर्वी ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करा आणि थोडी रोकडही ठेवा.

एजंट खरा की खोटा?

मॉरिशससाठी एक सोपी परीक्षा आहे. एजंटने 'व्हिसा फी' म्हणून वेगळी रक्कम लावली, तर तिथेच थांबा. त्याखेरीज:

- पैसे कंपनीच्या खात्यातच भरा, जीएसटीची पावती घ्या.
- तिकिटाचा पीएनआर विमान कंपनीच्या वेबसाइटवर स्वतः टाकून पाहा.
- हॉटेलला ईमेल करून तुमच्या नावाचे बुकिंग आहे का, ते विचारा.
- सहल रद्द झाली तर किती पैसे परत मिळणार, हे लेखी घ्या.
- प्रवास विमा काढा. परदेशात दवाखान्याचा खर्च मोठा असतो.

तिथे काय पाहाल, काय खाल?

समुद्रकिनारे आहेतच. शामारेलची सात रंगांची माती, पाम्प्लेमूस बागेतली परातीएवढ्या पानांची कमळे आणि गंगा तलावाकाठची १०८ फुटी शिवमूर्ती ही नेहमीची ठिकाणे. पाम्प्लेमूसजवळ बंद पडलेल्या साखर कारखान्यातच साखरेचे संग्रहालय उभारले आहे. एकोणिसाव्या शतकात या बेटावर अडीचशेवर कारखाने होते, आता तीन उरले आहेत. बारामती तालुक्यातल्या शेतकऱ्याला हा आकडा विचारात पाडेल.

शाकाहारी मंडळींचे हाल होत नाहीत. रस्त्यावर मिळणारी 'ढोल पुरी' म्हणजे डाळ भरलेली मऊ पोळी, पुरणपोळीची तिखट चुलत बहीणच. औषधांबाबत मात्र नियम कडक आहेत. गोळ्या नेताना डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. आणि तिथला ऊस आवडला म्हणून बेण्याचा तुकडा पिशवीत टाकू नका. परवान्याशिवाय बेणे भारतात आणता येत नाही, कारण त्यातून रोग-कीड येण्याची भीती असते.

एक दिवस आप्रवासी घाटासाठी

राजधानी पोर्ट लुईमध्ये समुद्राकाठी दगडी पायऱ्या आणि काही जुन्या इमारती आहेत. हा आप्रवासी घाट. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' जहाजातून ३६ भारतीय मजूर या बेटावर उतरले. गुलामगिरी बंद होत होती आणि उसाच्या मळ्यांना हात हवे होते. पुढे १९२० पर्यंत करारावर आणलेल्या मजुरांची संख्या पाच लाखांच्या जवळ पोहोचली. मुंबई बंदरातूनही जहाजे सुटली आणि त्यांत रत्नागिरी परिसरातली मराठी माणसे होती. २००६ मध्ये युनेस्कोने या जागेला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला. मजुरांच्या नोंदी मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या अभिलेखागारात जपलेल्या आहेत. अनेकांची छायाचित्रेही तिथे आहेत.

त्या मराठी मजुरांचे वंशज आज घरात क्रेओल बोलतात, पण गणपती बसवतात आणि मुलांना मराठी शिकवतात. एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या महाराष्ट्र भवनात छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळाही उभा राहिला. गणेशोत्सवाच्या दिवसांत गेलात तर ही ओळख सर्वांत जवळून दिसेल.

आज मॉरिशसच्या विमानतळावरचा अधिकारी परतीचे तिकीट आहे ना, ते तपासतो. सुरुवातीच्या मजुरांच्या करारातही परतीचा प्रवास मोफत देण्याचे वचन होते, पण पुढे ते काढून घेतले गेले. आलेल्यांपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक लोक कधीच परतले नाहीत. तिकीट, बुकिंग, विमा अशी कागदांची फाईल तयार करताना सहलीतला एक दिवस या घाटासाठी राखून ठेवा. आठवड्याच्या मधला दिवस धरा, कारण शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी वेळ वेगळी असू शकते.