सायलेन्सरला चिकटलेला रेनकोट : पावसाळ्यातला एक विज्ञानपाठ



जून उजाडला की अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, कुठल्याही शाळेच्या फाटकाबाहेर एक दृश्य दिसतं. बाबांच्या बाईकवर मागे मूल, पाठीला दप्तर, अंगात घोळदार रेनकोट. एलबीएस रोडच्या ट्रॅफिकमध्ये गाडी थांबत थांबत चालते, सायलेन्सर तापतो आणि रेनकोटचं टोक किंवा हँडलला लटकवलेली पिशवी त्याला टेकते. क्षणात जळका वास येतो आणि पाइपवर काळा चिकट डाग बसतो. हा डाग काढायचा कसा आणि यातून मुलांना शिकवायचं काय, ते आज पाहूया.

प्लॅस्टिक का वितळलं?

प्लॅस्टिकचे दोन मुख्य प्रकार आपण वर्गात शिकवतो. तापवल्यावर मऊ होणारं आणि थंड झाल्यावर पुन्हा कडक होणारं ते उष्मामृदू प्लॅस्टिक. पिशवी, रेनकोट, बादली ही याची उदाहरणं. एकदा घट्ट झालं की पुन्हा न वितळणारं ते उष्मादृढ प्लॅस्टिक. कुकरच्या दांड्याचं बेकलाइट हे त्याचं घरातलं उदाहरण.

पिशवीचं पातळ पॉलिथिन साधारण ११० अंश सेल्सिअसला वितळतं. रेनकोटचं पीव्हीसी त्याआधीच, ८० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. नायलॉनला मात्र २०० अंशांहून जास्त उष्णता लागते. इंजिनातून बाहेर येणाऱ्या बेंड पाइपचं तापमान २०० अंशांच्याही वर जाऊ शकतं. म्हणजे पिशवी आणि रेनकोट तिथे टिकणं शक्यच नाही. काही वेळाने चिकटलेलं प्लॅस्टिक जळायला लागतं आणि मागे कार्बनचा काळा थर उरतो.

डाग काढण्याची पद्धत

हे काम मोठ्यांनीच करायचं. मुलांनी लांबून बघायचं.

१. गाडी मोकळ्या जागी, मेन स्टँडवर लावा. बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, पण तो जीवघेणा असतो.

२. इंजिन एक-दोन मिनिटंच चालवा आणि बंद करा. प्लॅस्टिक मऊ झालं पाहिजे, धूर निघता कामा नये. पीव्हीसीच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड असतो. त्याने डोळे आणि घसा चुरचुरतो.

३. हातात जाड सुती किंवा चामड्याचे मोजे घाला. रबरी मोजे नकोत, तेही चिकटतील. आइसक्रीमच्या काडीने किंवा लाकडी उलथन्याने थर हळूहळू खरवडा. सुरी किंवा स्क्रूड्रायव्हर वापरला तर क्रोमचा मुलामा जातो आणि आपल्या दमट हवेत तिथे लगेच गंज धरतो.

४. आता पाइप पूर्ण गार होऊ द्या. घाईने तापलेल्या पाइपवर पाणी किंवा बर्फ टाकू नका. राहिलेले डाग ॲसिटोन असलेल्या नेलपॉलिश रिमूव्हरने कापडाने पुसून पाहा. पीव्हीसीवर याचा थोडा उपयोग होतो. पॉलिथिन मात्र त्यात विरघळत नाही, ते खरवडूनच काढावं लागतं. ॲसिटोन पटकन पेट घेतं, म्हणून जवळ काडी, सिगारेट काही नको.

५. क्रोमचा पाइप असेल तर ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा ओला करून घासा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडे कमी पडतात. काळ्या रंगाच्या पाइपवर फॉइल किंवा तारेची घासणी नको, रंग निघेल. तिथे साबणपाणी आणि मऊ कापड बरं.

६. शेवटी साबणाने धुवा, पुसून कोरडं करा आणि मगच गाडी सुरू करा.

कॉस्टिक सोडा असलेले क्लीनर ॲल्युमिनियमच्या भागांना लावू नका. सोडा ॲल्युमिनियमला खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो.

डागापेक्षा मोठी गोष्ट

जो पाइप प्लॅस्टिक वितळवतो, तो मुलाच्या पोटरीचं काय करेल? आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींचा सायलेन्सर उजव्या बाजूला असतो. म्हणून मुलांना डावीकडूनच चढायची-उतरायची सवय लावा. शाळेचा हाफ पँटचा गणवेश असेल तर जास्तच जपा.

तरीही चटका बसलाच, तर भाजलेला भाग लगेच नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप काहीही लावू नका. कातडीला प्लॅस्टिक चिकटलं असेल तर ओढून काढू नका. फोड फोडू नका. स्वच्छ कापडाने सैलसर झाका आणि डॉक्टरांकडे न्या.

रेनकोट पायघोळ नको, दोन भागांचा असावा. दप्तराचे लोंबणारे पट्टे आत खोचा. आणि पिशवी कापडी घ्या. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आलेलीच आहे.

वर्गात विचारा

१. कुकरचा दांडा वितळत नाही, पण बादली वितळते. का?
२. पॉलिथिन, पीव्हीसी आणि नायलॉन यांपैकी सायलेन्सरला टेकल्यावर सर्वांत आधी काय मऊ पडेल?
३. तुमच्या घरच्या गाडीचा सायलेन्सर कोणत्या बाजूला आहे? त्यावर जाळीचं किंवा पत्र्याचं संरक्षक कव्हर आहे का? गाडी गार असताना पाहून वहीत चित्र काढा.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुलं घरी जाऊन शोधतील, तेव्हा आई-बाबांचंही लक्ष तिकडे जाईल. कव्हर सैल झालं असेल किंवा पडलं असेल, तर पुढच्या सर्व्हिसिंगची वाट न बघता बसवून घ्या.